‘आतड्याला सूज आहे’, पण कोणती सूज?

नांदेड, लातूर, परभणी, कुठल्याही शहरातला सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्या. पोटदुखी, जुलाब किंवा शौचातून रक्त अशी तक्रार असेल तर त्यात एक ओळ बऱ्याचदा सापडते: आतड्याची भिंत जाड दिसते. पेशंटला ती ‘आतड्याला सूज आहे’ अशी सांगितली जाते आणि घरी पोचेपर्यंत तेवढंच वाक्य शिल्लक राहतं. मग सूज उतरवणारी गोळी, सूज उतरवणारा काढा, सूज उतरवणारं पथ्य. कधी कधी यात सहा-आठ महिने निघून जातात.

त्या एका शब्दात किमान चार वेगवेगळे आजार दडलेले असतात: अमिबा किंवा जिवाणूंचा संसर्ग, आतड्याचा टीबी, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा वर्षानुवर्षं चालणारा दाह, आणि कॅन्सर. चौघांची औषधं निराळी. एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. टीबीच्या आतड्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर टीबी अंगभर पसरू शकतो. कॅन्सरला अमिबा समजून मेट्रोनिडाझोलचे कोर्स देत राहिलं, तर गाठीवर बसलेले जंतू थोडे हटतात, आठ दिवस बरं वाटतं आणि आजार पुढची पायरी चढतो. ‘गोळीनं फरक पडला होता’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

सोनोग्राफी भिंतीची जाडी दाखवते, जाडीचं कारण दाखवत नाही. कारण कळतं ते दुर्बीण घालून (कोलोनोस्कोपी) आणि तुकडा काढून (बायोप्सी). त्याच्याही आधीची, हातमोजा आणि थोडी जेली एवढ्याच खर्चाची तपासणी म्हणजे डॉक्टरांनी गुदद्वारात बोट घालून पाहणं. बोटाला साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंतचा गुदाशय लागतो आणि तिथली गाठ अशी सापडून जाते. तरीही शौचातून रक्त म्हटलं की मूळव्याध गृहीत धरायची आणि मलम लिहून द्यायचं, ही सवय काही सुटत नाही. मूळव्याध खरोखर असते हो, पुष्कळांना असते. पण मूळव्याध असलेल्या माणसाला वर दहा सेंटिमीटरवर गाठ असू नये, असा काही नियम नाही.

आपल्या भागात हा संशय मुळातच कमी घेतला जातो, त्यालाही कारण आहे. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीत उस्मानाबाद-बीडचं एकूण कॅन्सरचं प्रमाण देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी निघालं होतं: वयानुसार जुळवलेला आकडा लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४. मोठ्या आतड्याचा कॅन्सर तर भारतातच पाश्चात्त्य देशांच्या मानानं बराच कमी. त्यामुळं ‘आपल्याकडं हे नसतं’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मात्र भारतात ज्यांना तो होतो त्यांच्यात पन्नाशीच्या आतल्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘वय लहान आहे, काही नसेल’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. तीन-चार आठवड्यांपलीकडं रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, किंवा पुरुषाचं अथवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेनं उतरलं असेल, तर लोहाच्या गोळ्या सुरू करण्याबरोबर दुर्बिणीची तारीखही घ्यायची.

उजव्या बाजूला, लहान आणि मोठं आतडं जिथं जोडलं जातं तिथं जखमा दिसल्या की भारतातला प्रत्येक पोटविकारतज्ज्ञ थोडा थबकतो. टीबी की क्रोन्स? तुकड्यात दोन्हींत पेशींचे सारखेच बारीक पुंजके (ग्रॅन्युलोमा) दिसू शकतात आणि टीबीचे जंतू आतड्याच्या तुकड्यात सापडतीलच असं नाही, आधुनिक जनुकीय चाचणीतही ते अनेकदा हुलकावणी देतात. खात्री होत नसेल तर आधी टीबीची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहतात. चूक नेमकी इथं होते. पेशंटचं वजन वाढतं, ताप जातो, आणि दुसरी दुर्बीण राहून जाते. जखमा भरल्या नसतील तर निदानच चुकलं होतं असं धरून पहिल्यापासून विचार करायचा असतो, आणि त्या विचारात कॅन्सरही येतो.

आता मूळ मुद्दा. सुजेतून कॅन्सर होतो तो कसा?

१८६३ मध्ये रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानं गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि जिथं सतत चिघळतं तिथं गाठ उगवते असा तर्क मांडला. १९८६ मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट हॅरल्ड ड्वोरॅक यांनी कॅन्सरच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. साधी जखम झाली की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, नव्या रक्तवाहिन्या काढतं, पेशींना भराभर वाढायला सांगतं आणि काम झालं की सगळं आवरतं. आवरण्याचा हुकूम आलाच नाही, तर तीच दुरुस्तीची फौज नुकसान करू लागते.

आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. तळाशी असलेल्या मूळ पेशी विभागत राहतात आणि वरच्या झडतात. सूज असेल तर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात आणि ते शेजारच्या पेशींच्या डीएनएवरही ओरखडे काढतात. दुसरीकडं टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे निरोप सुटतात, पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी आणि स्टॅट-३ ही बटणं दाबली जातात, आणि खराब झालेल्या पेशीला ‘मर’ म्हणण्याऐवजी ‘जग, वाढ’ असा आदेश मिळतो. बियाणं बिघडलेलं आणि वर खताचा मारा, असा प्रकार.

२००४ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग मला यातला सगळ्यांत बोलका वाटतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशींतली एनएफ-कप्पा-बीची वाट बंद केली, तेव्हा सूज तेवढीच राहिली, पण गाठींची संख्या साधारण ८० टक्क्यांनी घटली. तीच वाट पांढऱ्या पेशींत बंद केली, तेव्हा गाठींचा आकार कमी झाला. म्हणजे अस्तराच्या पेशी वाचतात म्हणून गाठ सुरू होते आणि पांढऱ्या पेशी खाऊ घालतात म्हणून ती मोठी होते. डोळ्यांना दिसणारी सूज आणि कॅन्सरला लागणारी सूज यांचं माप एकच नसतं, हे या प्रयोगातून समजतं.

बहुतेकांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर कोलायटिसमधून होत नाही. अशा दाहातून येणारे कॅन्सर एकूण संख्येत जेमतेम एक-दोन टक्के. बाकीचे पॉलिपमधून, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या चामखिळीसारख्या उंचवट्यातून येतात. त्यात पहिला बिघाड बहुधा एपीसी नावाच्या जनुकात आणि पी-५३ या जनुकाचा अगदी शेवटी, आणि या प्रवासाला दहाएक वर्षं लागतात. कोलायटिसमध्ये क्रम उलटा: पी-५३ आधी बिघडतं, एपीसी उशिरा. वाचायला हा तपशील रुक्ष आहे, पण ऑपरेशन त्यावरच ठरतं. पॉलिप एका जागी असतो, दुर्बिणीतूनच फासा टाकून कापता येतो. कोलायटिसमध्ये अख्खं अस्तर भाजून निघालेलं असतं, बिघाड सपाट असतो, चार ठिकाणी एकदम असू शकतो. म्हणून तिथं कॅन्सर निघाला की अनेकदा पूर्ण मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याची पिशवी शिवावी लागते. ‘गाठ एवढीशी आणि आतडं सगळं काढायचं?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

जंतूंचाही हात आहे, थोडक्यात सांगतो. तोंडात राहणारा फ्युजोबॅक्टेरियम हा जिवाणू २०१२ च्या सुमारास मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडला. ई-कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि त्याचे ठसे डीएनएवर ओळखू येतात. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठी तपासल्या, तेव्हा चाळिशीच्या आतल्यांत हे ठसे सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळले. यावर आज बाजारात मिळणारी कोणतीही ‘प्रोबायोटिक’ पुडी उपाय ठरलेली नाही.

आता अल्सरेटिव्ह कोलायटिस. इथं सूज आटोक्यात ठेवणं हाच कॅन्सर टाळण्याचा मार्ग आहे, आणि इथंच सगळ्यांत जास्त हेळसांड होते. २००१ मध्ये जुन्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा कॅन्सरचा धोका १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के असा निघाला होता. अलीकडचे आकडे याहून कमी आहेत, त्यात चांगल्या औषधांचा आणि नियमित दुर्बिणीचा वाटा मानला जातो. धोका कुणाला जास्त? आजार जुना, आतड्याचा मोठा भाग धरलेला, सूज सतत जागी, घरात कुणाला हा कॅन्सर झालेला, किंवा पित्तनलिका आकसणारा पीएससी नावाचा आजार सोबत.

मुख्य औषध मेसालामिन. आजार उसळलेला असताना दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम, शांत झाल्यावरही किमान २ ग्रॅम, आणि तेही वर्षानुवर्षं. आजार फक्त गुदाशयात असेल तर रात्री १ ग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची वडी, तोंडाच्या गोळीपेक्षा सरस काम करते. आपल्याकडं लाजेपायी ती लिहिली जात नाही आणि लिहिली तर वापरली जात नाही. दुसरी नेहमीची चूक स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमनं उतरवत दोनेक महिन्यांत बंद करायचं असतं. ते आग विझवणारं औषध आहे, राखण करणारं नाही. पण त्यानं भूक लागते, अंगात तरतरी येते, रक्त थांबतं. मग मेडिकलवाल्याकडून तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा भरली जाते. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि आतली सूज धुमसत राहते ती राहतेच.

रक्त थांबलं म्हणजे सूज गेली, असं होत नाही. यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात. मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम या मापात ५० च्या खाली असेल तर ठीक, २५० च्या वर असेल तर आत नक्की काहीतरी चालू आहे, मधलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा त्यांच्यामुळंही वाढतो. शिवाय याच गोळ्या कोलायटिस उसळवतात. ‘सूज उतरवणारी’ म्हणून मिळणारी गोळी आतड्याची सूज वाढवते, या शब्दाच्या गोंधळाचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्यावं.

बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटचं वेळापत्रक वेगळं आखावं लागतं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परतते. पाच-सहा महिन्यांची मेसालामिन आधीच बांधून द्यावी, रोज तीन वेळांऐवजी एकाच वेळी घेता येईल असा डोस लिहावा, दुर्बिणीची तारीख मे ते सप्टेंबरमध्येच टाकावी. अझाथायोप्रिन हे दुसऱ्या फळीतलं औषध सुरू करायचं असेल तर ते टोळी निघायच्या तोंडावर करू नये. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर काही काळ दर पंधरा दिवसांनी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. भारतीयांमध्ये एनयूडीटी-१५ या जनुकातल्या बदलामुळं त्या एकाएकी कोसळू शकतात. इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी हवीच, कारण सुप्त टीबी ही औषधं जागा करतात.

निगराणीची दुर्बीण तक्रार सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी सुरू करायची. निदानापासून नव्हे, तक्रारीपासून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पीएससी असेल तर निदानाच्या दिवसापासून दरवर्षी. पुढचं अंतर धोक्यानुसार १, ३ किंवा ५ वर्षं. आजार शांत असताना करायची, कारण सुजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरपूर्व पेशींसारख्याच दिसतात आणि रिपोर्ट ‘सांगता येत नाही’ असा येतो. शक्य असेल तिथं अस्तरावर इंडिगो कार्माइन किंवा मेथिलीन ब्लू फवारून सपाट डाग शोधतात. ती सोय नसेल तर दर १० सेंटिमीटरवर चारी बाजूंनी तुकडे घ्यायचे, ते किमान ३२ तरी होतात. दोन-चार तुकडे घेऊन ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट निगराणीचा धरू नये.

आणि हे सगळं आतडं साफ असेल तरच. पोट साफ करण्यात आपल्या जेवणाचा अडसर मोठा आहे. आधीचे दोन-तीन दिवस ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या, पेरू, टोमॅटोच्या बिया, कारळाची चटणी, हुरडा, सगळं बंद. मऊ भात, गाळलेलं वरण, ताक, बटाटा चालतो. लोहाची गोळी पाच-सात दिवस आधी थांबवायची, नाहीतर अस्तरावर काळा चिकट थर बसतो आणि तो धुऊनही जात नाही. रेचकाची पावडर साधारण २ लिटर पाण्यात विरघळवतात. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. सगळी आदल्या रात्रीच संपवली की सकाळपर्यंत वरचा पित्ताचा चिकट स्राव उजव्या बाजूला येऊन बसतो, आणि सपाट गाठी सुटतात त्या तिथंच. शेवटचं शौच फिकट पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या पाण्यासारखं हवं. गढूळ असेल तर तसं स्पष्ट सांगावं. एप्रिल-मेच्या उन्हात एसटीनं तीन तास येणार असाल तर सोबत ओआरएस ठेवा, आणि तपासणीच्या दोन तास आधी पिणं थांबवा. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधं कधी थांबवायची ते आधी विचारून घ्या, मनानं काही करू नका.

ॲस्पिरिनबद्दल लोक फार विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पॉलिप आणि गाठींमध्ये कॉक्स-२ हे विकर वाढलेलं असतं. ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं आणि त्यावर गाठ पोसली जाते. ॲस्पिरिन ही साखळी तोडते. पुरावा सगळ्यांत पक्का आहे तो लिंच सिंड्रोममध्ये, म्हणजे डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकातला दोष घराण्यात चालत आलेल्यांत. कॅप-२ या चाचणीत ८६१ जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सरासरी अडीच वर्षं दिली. पुढं दहा वर्षांहून जास्त काळ पाहिलं तेव्हा ॲस्पिरिनवाल्यांत ९ टक्क्यांना आणि बाकीच्यांत १३ टक्क्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. फायदा दिसायला बरीच वर्षं जावी लागली.

मग सगळ्यांनीच घ्यावी का? नाही. सत्तरीपुढच्या १९ हजारांहून अधिक निरोगी माणसांना रोज १०० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिलेल्या ॲस्प्री चाचणीत ॲस्पिरिनच्या गटात कॅन्सरनं मृत्यू उलट जास्त झाले. अमेरिकेच्या प्रतिबंध समितीनं २०१६ मध्ये पन्नाशीतल्या काहींना या कॅन्सरपासून बचाव म्हणून ॲस्पिरिन सुचवली होती, २०२२ मध्ये ती शिफारस काढून टाकली. ऑपरेशननंतर गाठ परतू नये म्हणून सरसकट सगळ्यांना २०० मिलिग्रॅम तीन वर्षं देणाऱ्या ॲस्कॉल्ट चाचणीत भारतातले पेशंटही होते, तिथं ठोस फायदा दिसला नाही. याच्या उलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली अलास्का ही उत्तर युरोपातली चाचणी. तिनं आधी गाठीत पीआयके-३सीए या साखळीतला बदल आहे का ते तपासलं, फक्त त्यांनाच १६० मिलिग्रॅम तीन वर्षं दिली, आणि नेमका पीआयके-३सीएचा ठराविक बदल असलेल्यांत गाठ परतण्याचं प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आलं. गोळी तीच, पण कुणाच्या गाठीत काय बिघडलंय ते पाहून दिली, एवढाच फरक. म्हणून ऑपरेशन झालेल्यांनी ‘ॲस्पिरिन घेऊ का’ असं न विचारता ‘माझ्या गाठीच्या तुकड्यावर ही तपासणी करता येईल का’ असं विचारावं. पोटात व्रण असेल, आधी रक्तस्राव झाला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर हा विषयच नको.

हळदीचं काय, हे मराठवाड्यात विचारलं जाणारच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या बाजारात तिचे ढीग लागतात, तेव्हा अभिमान असणं साहजिक आहे. प्रयोगशाळेत कुरक्युमिन एनएफ-कप्पा-बीला दाबतं, हेही खरं. २०१५ च्या एका छोट्या चाचणीत मेसालामिनसोबत रोज ३ ग्रॅम कुरक्युमिन महिनाभर दिलं, तेव्हा ५० कोलायटिस पेशंटांपैकी ते घेणाऱ्यांत फरक दिसला. भारतातल्या चाचणीत रोज ४५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा काही उपयोग झाला नाही. आता हिशेब करा. हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के. ३ ग्रॅम कुरक्युमिनसाठी रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या दुधातला चमचा त्या मापाच्या जवळही जात नाही. तो चमचा आनंदानं घ्या. पण मिरीचा अर्क घातलेल्या जहाल कॅप्सूल किमो चालू असताना घेऊ नयेत. त्या अर्कामुळं इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं आणि अशा कॅप्सूलमुळं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. कॅन्सर त्यानं बरा झाल्याचा पुरावा नाही.

इथवर सूज खलनायक होती. गाठीच्या आत शिरल्यावर चित्र पालटतं. २००६ मध्ये फ्रान्सच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटानं दाखवलं की गाठीत टी-पेशी (बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आणि कुठं आहेत, यावरून पेशंटचं भवितव्य नेहमीच्या टप्प्यांपेक्षाही चांगलं सांगता येतं. जिथं टी-पेशींची गर्दी, तिथं गाठ परतण्याचा धोका कमी. म्हणजे गाठीतली ही सूज हवीच असते. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची सूज गाठीला पोसते, टी-पेशींची सूज तिला खाते.

सुमारे १५ टक्के गाठींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बंद पडलेली असते. अशा गाठीत शेकडो-हजारो चुका साठतात, ती परकी दिसते, टी-पेशी धावून येतात. गाठ त्यांना पीडी-१ नावाचा ब्रेक लावून थोपवते. तो ब्रेक काढणारं औषध दिलं की बाकीचं काम शरीर करतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशा गुदाशयाच्या कॅन्सरला डोस्टारलिमॅब ५०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी सहा महिने दिलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांत आणि २०२५ पर्यंत उपचार पूर्ण केलेल्या सर्व ४९ जणांत गाठ पूर्ण दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, शेक (रेडिएशन) नाही. मात्र यंत्रणा शाबूत असलेल्या उरलेल्या बहुसंख्य गाठींवर हेच औषध एकटं जवळपास निष्प्रभ ठरतं.

म्हणून तुकड्यावर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी प्रत्येक पेशंटची व्हावी, आणि तीही ऑपरेशनच्या आधीच्या तुकड्यावर. मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, लॅबकडून मागून घेऊन जपून ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटाला जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेला, तर तुकडा मागवण्यात आठवडे जातात.

ब्रेक काढल्याची किंमतही असते. मोकाट सुटलेल्या टी-पेशी निरोगी आतड्यावर तुटून पडतात आणि औषधातूनच कोलायटिस होतो. नेहमीपेक्षा दिवसाला चार-सहा वेळा जास्त शौच होऊ लागलं की त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. लोपेरामाइड घेऊन दाबून टाकणं ही इथली नेहमीची आणि धोक्याची चूक. आधी जंतूंची तपासणी, मग वजनाच्या प्रत्येक किलोला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, गंभीर असेल तर त्याहून जास्त. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब. स्टेरॉइड हळूहळू चार-सहा आठवड्यांत कमी करायचं.

रक्तातल्या सुजेचं मापही स्वस्तात कळतं. सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमपेक्षा कमी, ही जोडी दिसली की पेशंट ऑपरेशन आणि किमो कमी पेलणार असं धरून आधी खाण्यापिण्याकडं पाहावं. ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतोच, ते साहजिक आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशीही तो १५० च्या वर अडला, तर टाक्यातून गळती आहे का ते सीटी स्कॅन करून पाहावं लागतं. पोट फुगणं, नाडी जलद होणं याच्या आधी हा आकडा बोलतो. अशी गळती झालेल्यांत तिथंच गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाणही जास्त दिसतं.

किमो संपल्यावर काय करायचं, याचं २०२५ मधलं उत्तर साधं आहे: चाला. चॅलेंज चाचणीत ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी आजारमुक्त असलेले ८०.३ टक्के, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत ७३.९ टक्के. आठवड्यातून चार-पाच दिवस पाऊण तास झपाझप चालणं, एवढं गावातल्या रस्त्यावरही होतं.

शेवटची सूज शेकाची. गुदाशयाला किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटाला शेक दिल्यावर काहींना सहा महिने ते दोन वर्षांनी शौचातून रक्त येऊ लागतं. धाराशिव जिल्ह्याचं नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आहे ते गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीमुळं, १ लाख ३१ हजार बायकांवरच्या २००९ च्या अभ्यासामुळं, तेव्हा शेक घेतलेल्या बायका आपल्या गावोगावी आहेत. हे रक्त पाहून घाबरून नव्या ठिकाणी दुर्बीण केली जाते, समोरच्या भिंतीवरचा लाल भाग संशयास्पद वाटतो, तुकडा काढला जातो, आणि शेकानं रक्तपुरवठा कमी झालेली ती जखम भरतच नाही. गुदाशय आणि योनी यांच्यात भोक पडू शकतं. अशा वेळी आधी सुक्राल्फेटचा एनिमा, न थांबल्यास आर्गॉन वायूच्या साहाय्यानं रक्तवाहिन्या जाळून बंद करणं, आणि तुकडा अगदी आवश्यक असेल तरच. म्हणून शेक कधी, कुठं, किती दिवस घेतला तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डाशेजारी ठेवा, आणि दुर्बिणीच्या टेबलावर झोपण्याआधी तो डॉक्टरांच्या हातात द्या.